एसीची कंडेन्सर कॉइल: कोल्हापूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसी गार हवा देईना झाला की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो ‘गॅस’. पुष्कळदा गॅस पुरेसा असतो आणि दोष आउटडोअर युनिटमधल्या, मातीनं बुजलेल्या कंडेन्सर कॉइलमध्ये असतो. म्हणून गॅसचे पैसे मोजण्याआधी कॉइल बघा. ती कशी बघायची, कशी धुवायची आणि कुठल्या कामाला स्वतः हात घालायचा नाही, हे खाली दिलं आहे.

कंडेन्सर कॉइल नेमकं काय काम करते?

खोलीतून उचललेली उष्णता बाहेरच्या हवेत सोडते. आतल्या कॉइलमध्ये गॅस उष्णता शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि दाबल्यामुळे तो साधारण ७० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापून कंडेन्सरमध्ये येतो. बाहेर ३८ अंश ऊन असलं तरी ती हवा या गॅसपेक्षा पुष्कळ थंड असते, म्हणून उष्णता हवेत जाऊ शकते.

कॉइलच्या सुरुवातीच्या नळ्यांत गॅस नुसता निवतो. मधल्या, सगळ्यात लांब भागात त्याचा द्रव होतो. इथं तापमान जवळपास एकाच जागी राहतं, पण सर्वांत जास्त उष्णता इथंच बाहेर पडते. शेवटच्या नळ्यांत तो द्रव आणखी ५ ते ८ अंश निवतो. हा शेवटचा टप्पा छोटा असला तरी महत्त्वाचा आहे, कारण पुढं कॅपिलरीत किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (द्रवाचा दाब उतरवणाऱ्या भागात) शिरताना निव्वळ द्रव हवा. त्यात बुडबुडे राहिले की आत पुरेसा द्रव पोहोचत नाही आणि कूलिंग पडतं.

दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेनं चालतो तेव्हा खोलीतून सुमारे ५.३ किलोवॅट उष्णता काढतो. कॉम्प्रेसर स्वतः दीड किलोवॅटच्या आसपास वीज घेतो आणि तीही उष्णता होऊन गॅसमध्येच जाते. म्हणजे कंडेन्सरला जवळजवळ ६.८ किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. त्यासाठी कॉइलमधून ताशी २,००० घनमीटरपेक्षा जास्त हवा जावी लागते. ही हवा अडली की बाकीचं सगळं बिघडत जातं.

कॉइल इतक्या लवकर का बुजते?

तांब्याच्या नळ्या ७ किंवा ९.५ मिलिमीटर व्यासाच्या असतात आणि त्यांच्यावर सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, म्हणजे फिन्स, बसवलेल्या असतात. दोन फिन्समधली फट दीड मिलिमीटरच्या आसपास. पंखा मागून आणि बाजूनं हवा ओढतो आणि पुढून फेकतो, त्यामुळं सगळा कचरा मागच्या तोंडावर बसतो, जिथं भिंत असते आणि आपली नजर जात नाही.

दोन रांगांची कॉइल असेल तर जास्त फसगत होते. बाहेरची रांग पुसून चकचकीत दिसते आणि दोन रांगांच्या मध्ये धुळीचा थर तसाच राहतो. रात्री एसी बंद करून एका बाजूनं टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूनं पाहा. उजेड ठिपक्याठिपक्यांनी सगळीकडून दिसला तर ठीक. मोठे काळे पट्टे दिसले तर तिथून हवाही जात नाही.

रात्री एसी उत्तम चालतो, दुपारी दोननंतर मात्र गार करत नाही. का?

हे बुजलेल्या कंडेन्सरचं अगदी ठळक लक्षण आहे. स्वच्छ कॉइलमध्ये गॅसचा द्रव होण्याचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १० ते १५ अंश जास्त असतं. बाहेर ३८ असेल तर आत ५० च्या आसपास. कॉइल बुजली की हाच फरक २० अंशांवर जातो आणि गॅसला ६० अंशांपर्यंत चढावं लागतं. आर-३२ या प्रकारच्या गॅसचा दाब ५० अंशांना सुमारे ४४० पीएसआय (दाब मोजण्याचं एकक) असतो, ६० अंशांना साडेपाचशेच्या वर. कॉम्प्रेसरला हा सगळा दाब पेलावा लागतो. द्रव होण्याचं तापमान दर अंशानं वाढलं की कॉम्प्रेसरची वीज ढोबळमानानं दोन ते तीन टक्के वाढते.

साधा एसी अशा वेळी ओव्हरलोडवर ट्रिप होतो, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा सुरू होतो, पुन्हा ट्रिप होतो. इन्व्हर्टर एसी ट्रिप होण्याआधी कॉम्प्रेसरचा वेग कमी करतो, म्हणून तो बंद पडत नाही, नुसता कोमट हवा देत राहतो. रात्री हवा २४ अंशांवर आली की त्याच बुजलेल्या कॉइलला काम झेपतं. गॅस कमी असता तर एसी रात्रीही कमीच चालला असता.

एक गोष्ट लक्षात ठेवा: एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडवर किंवा तापलेल्या स्लॅबवर आउटडोअरभोवतीची हवा त्यापेक्षा बरीच तापते. स्वच्छ एसीचंही कूलिंग तेव्हा थोडं कमी होतं. तो बिघाड नाही.

मेकॅनिक म्हणतो गॅस कमी आहे. खरं-खोटं कसं ओळखायचं?

घरगुती स्प्लिट एसीला गेज लावायची जागा बहुतेक वेळा सक्शन बाजूलाच, म्हणजे कॉम्प्रेसरकडे गॅस परत येतो तिथंच, असते. त्यामुळं मेकॅनिकला एकच दाब दिसतो आणि कंडेन्सरचा दाब दिसतच नाही. म्हणून सक्शनचा दाब आणि क्लॅम्प मीटरवरचे (वायरीभोवती अडकवून विजेचा प्रवाह मोजणाऱ्या मीटरवरचे) ॲम्पिअर एकत्र पाहायला सांगा. ॲम्पिअर युनिटच्या नेमप्लेटवर छापलेले असतात, त्यांच्याशी ताडून बघा.

गॅस कमी असेल तर सक्शन खाली येतं आणि ॲम्पिअरही नेमप्लेटपेक्षा कमी दिसतात. इनडोअर कॉइलच्या सुरुवातीच्या भागावर किंवा बारीक पाइपच्या नटाशी बर्फ धरतो. कंडेन्सर बुजला असेल तर उलट: सक्शन नेहमीइतकं किंवा थोडं वर, आणि ॲम्पिअर जास्त. पूर्ण वेगानं चालणाऱ्या एसीत सक्शन आर-२२ ला ७० पीएसआयच्या आसपास असतं, आर-४१०ए आणि आर-३२ ला १२० ते १५० च्या दरम्यान. इन्व्हर्टर एसीत वेग सतत बदलतो, म्हणून त्याला टेस्ट मोडवर टाकल्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही.

गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरतो. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि ती न शोधता दर उन्हाळ्याला ‘टॉप-अप’ करणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. ज्या मेकॅनिकनं कॉइल पाहिलीच नाही, त्याच्याकडून गॅस भरून घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कॉइल किती दिवसांनी धुवायची?

तुमच्या भोवती कुठला कचरा उडतो, त्यावर. कोल्हापूर आणि आसपास याचे प्रकार इतके वेगळे आहेत की एकच वेळापत्रक सगळ्यांना लागू होत नाही. धुण्याची पद्धतही बदलते.

ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी अशा राहत्या भागात वर्षातून दोनदा पुरे. पहिली धुलाई फेब्रुवारी संपता संपता, दुसरी पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात. रस्त्याचं काम चालू असेल किंवा शेजारी बांधकाम असेल तर मध्ये एकदा नुसता ब्रश फिरवा.

उसाच्या पट्ट्यात, म्हणजे गुऱ्हाळं, साखर कारखाने आणि पाचट पेटवलेली शेतं जवळ असतील तिथं, गळीत हंगामात काजळी आणि राख बसते. ती हलकी असते आणि साध्या पाण्यानं निघते. पण तशीच राहिली आणि वर वळीव पडला की तिचा लगदा होऊन फिन्समध्ये घट्ट बसतो. हंगाम संपल्यावर, पहिल्या वळवाआधी धुवा.

शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फौंड्रीची वाळू आणि कोळशाची भुकटी उडते. ही धूळ कोरडीच काढायची. आतून बाहेर कमी दाबाची, दोन-तीन बारची हवा मारा, मग पाणी. उलट क्रमानं केलंत तर मोल्डिंगच्या वाळूतली बेंटोनाइट माती फुगून चिखल होतो. फौंड्रीच्या ऑफिसला महिन्यातून एकदा हे काम ठरवून टाका.

सीएनसी मशीनच्या (संगणकानं चालणाऱ्या यंत्राच्या) वीज-पॅनेलवरचे छोटे एसी हा आणखी वेगळा विषय. कूलंटचा तेलकट धुरळा आणि बारीक कीस मिळून फिन्सवर काळपट, चिकट थर बसतो. त्यावर पाणी मारलं तर ते घरंगळून जातं, थर हलत नाही. त्याला ॲल्युमिनियमला चालणारा सौम्य अल्कलाइन कॉइल क्लीनर लागतो. पॅनेल एसीचा फिल्टर दर आठवड्याला काढून झटकला तर कॉइलवर ही वेळ बरीच उशिरा येते. पॅनेल तापल्यानं ड्राइव्ह (मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) बंद पडते तेव्हा लोक ड्राइव्ह बदलायला निघतात. आधी हा एसी उघडून पाहा.

इचलकरंजीत यंत्रमागांची रुई. कारखान्यालगतचं आउटडोअर दहा-पंधरा दिवसांत मागच्या बाजूनं पांढरं होतं. हा थर कोरडा असताना चादरीसारखा सोलून निघतो, वरचं टोक धरून खाली ओढा. ओला केला की नमदा बनून फिन्समध्ये अडकतो. आधी हातानं आणि मऊ ब्रशनं सोलायचं, पाणी सर्वांत शेवटी.

गुजरीत किंवा हुपरीत, जिथं सोन्या-चांदीच्या कामात आम्ल वापरतात, तिथं कचऱ्यापेक्षा वाफांची भीती जास्त. धुराड्याच्या तोंडाजवळ आउटडोअर बसवूच नका. आम्लाच्या वाफांनी फिन्स भुसभुशीत होतात आणि तांब्याला हिरवट डाग पडतात. अशी कॉइल धुऊन सुधारत नाही.

घरी धुवायची तर पद्धत काय?

आउटडोअर गच्चीवर किंवा बाल्कनीत, हात सहज पोहोचेल अशा जागी असेल तरच. भिंतीवर लटकणाऱ्या युनिटला खिडकीतून वाकून हात घालू नका. ते पट्टा बांधून काम करणाऱ्या माणसाचं काम आहे.

रिमोटनं बंद करणं पुरेसं नाही. एमसीबी पाडा आणि दहा मिनिटं थांबा. कपॅसिटरमध्ये आणि इन्व्हर्टरच्या बोर्डवर वीज साठलेली असते. वरचं झाकण आणि पुढची जाळी काढा, स्क्रू एका डबीत ठेवा. कॉम्प्रेसरच्या बाजूला वायरी आणि बोर्ड असतो. त्यावर प्लास्टिक पसरून चिकटपट्टीनं बंद करा. पंख्याच्या मोटरवरही पिशवी बांधा. आतली पानं, पिसं, कबुतराच्या काड्या हातमोजे घालून उचला. फिन्सच्या कडा ब्लेडइतक्या धारदार असतात.

मग बाहेरच्या तोंडावर कोरडा, मऊ ब्रश वरून खाली, फिन्सच्या दिशेनंच. आडवा ब्रश मारला की फिन्स लवतात. त्यानंतर बागेच्या साध्या नळीनं आतून बाहेर पाणी सोडा, म्हणजे कचरा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत जाईल. बाहेरून पाणी मारलं तर तो आणखी खोल जातो. खाली पडणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चालू ठेवा. नळी नसेल तर दोन-तीन बादल्या पाणी मगानं ओतूनही काम होतं. क्लीनर वापरणार असाल तर डब्यावर लिहिलंय तितकंच पाणी मिसळा, पाच ते दहा मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका आणि नंतर भरपूर पाण्यानं धुवा. धुण्याचा सोडा किंवा संडासचं ॲसिड चालत नाही, दोन्हींनी ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

लवलेल्या फिन्स सरळ करायला फिन कोंब, म्हणजे फिन्स विंचरायची फणी, मिळतो. तो नसेल तर बोथट पट्टीनं एक-एक उघडा, स्क्रू ड्रायव्हर घुसवू नका, नळीला भोक पडतं. सगळं तासभर वाळू द्या, प्लास्टिक काढा, झाकण लावा, मग एमसीबी चढवा.

गाडी धुण्याचा जेट पंप चालतो का?

नाही. त्या दाबानं फिन्स आडव्या झोपतात आणि एकदा झोपल्या की तेवढा भाग कायमचा बंद होतो. एसीसाठीचे कमी दाबाचे पंप वेगळे असतात. तेही फूटभर लांबून आणि कॉइलशी काटकोनात धरायचे, तिरके नाही.

आउटडोअर कुठं बसवावं?

मागं भिंतीपासून निदान १५ सेंटिमीटर, हवा घेणाऱ्या बाजूला ३० सेंटिमीटर आणि पंख्यापुढं शक्यतो एक मीटर मोकळं. कंपनीच्या पुस्तकात यापेक्षा जास्त सांगितलं असेल तर तेच धरा.

महाद्वार रोड, लक्ष्मीपुरीसारख्या बाजारपेठेत नेहमीची चूक म्हणजे दुकानाच्या शटरवर आउटडोअर आणि त्याच्यापुढं फ्लेक्सचा बोर्ड. पंख्यानं फेकलेली गरम हवा बोर्डला आपटून मागं वळते आणि कॉइल तीच पुन्हा ओढते. कॉइल कितीही स्वच्छ ठेवली तरी असा एसी दुपारी दम टाकतोच. बोर्डला पंख्याएवढा चौकोन कापून त्यात जाळी बसवा, किंवा युनिट बोर्डच्या वर न्या. अपार्टमेंटच्या डक्टमध्ये एकावर एक सहा युनिटं असतील तर खालच्यांची गरम हवा वरच्यांना मिळते, म्हणून वरच्या मजल्यांची तक्रार जास्त.

तपासणं सोपं आहे. एक थर्मामीटर मोकळ्या सावलीत ठेवा, दुसरा कॉइलच्या मागं जिथं हवा आत शिरते तिथं. एसी अर्धा तास चालल्यावर दोन्हींत तीन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर गरम हवा परत फिरते आहे. त्याच थर्मामीटरनं पंख्यापुढची हवाही मोजा. ती आत शिरणाऱ्या हवेपेक्षा ८ ते १२ अंश गरम असावी. फरक १५ च्या वर गेला तर हवा कमी पडते आहे.

उन्हापासून आडोसा केला तर थोडा फायदा होतो, पण छत युनिटच्या वर निदान अर्धा मीटर आणि चारी बाजू उघड्या हव्यात. पेटी करून बंद करणं उन्हापेक्षा वाईट.

उन्हाळ्यात कॉइलवर पाणी मारत राहिलं तर?

त्या दिवसापुरतं कूलिंग सुधारतं. पण बोअरचं पाणी कॉइलवर वाळत गेलं की क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो ब्रशनं निघत नाही. ओलं गोणपाट बांधणंही टाळा, हवा अडते.

पावसाळ्यात आउटडोअर झाकावं का?

गरज नाही, ते पावसात राहण्यासाठीच बनवलेलं असतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर आत दमटपणा कोंडतो, उंदीर आणि पाली आसरा घेतात. अर्थिंग मात्र जूनआधी तपासून घ्या. ओल्या गच्चीवर युनिटच्या पत्र्याला शॉक बसणं जिवावर बेतू शकतं.

कॉइल स्वच्छ आहे, पंखा फिरतोय, तरी ट्रिप होतो. आता?

पंखा फिरतो म्हणजे पुऱ्या वेगानं फिरतो असं नाही. साध्या एसीत पंख्याच्या मोटरला साधारण २ ते ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. तो मीटरवर छापील आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी दिसला की बदला, त्याच क्षमतेचा. वीज बंद असताना पातं हातानं फिरवा. जड फिरलं किंवा खरखरलं तर बेअरिंग गेलं. इन्व्हर्टर एसीत पंख्याची मोटर बहुधा डीसी असते, तिथं हा कपॅसिटर नसतो.

त्यानंतर गॅस जास्त भरल्याची शंका घ्या. जास्तीचा द्रव कंडेन्सरच्या शेवटच्या नळ्यांत साचतो, तेवढी कॉइल कामातून जाते आणि दाब चढतो. किंवा नळ्यांत हवा राहिली असेल. हवेचा द्रव होत नाही, ती कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते. व्हॅक्यूम न करता गॅसचाच फवारा सोडून हवा ‘काढलेल्या’ एसीत हे हमखास दिसतं. दोन्हींवर उपाय एकच: गॅस पूर्ण काढा, व्हॅक्यूम पंपानं ५०० मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्यूम मोजण्याचं एकक) उतरा आणि नेमप्लेटवर लिहिलेलं वजन काट्यावर मोजून भरा. आर-४१०ए हे मिश्रण आहे, ते द्रवरूपातच सोडायचं.

व्होल्टेजही पाहा. शेतीच्या फीडरवरच्या घरांत ते बरंच उतरतं आणि कॉम्प्रेसर ॲम्पिअर जास्त ओढतो.

गळती कंडेन्सरला असेल तर दुरुस्ती होते का?

बहुतेक गळत्या फ्लेअर नटला किंवा कॉइलच्या टोकाच्या यू-बेंडला असतात, जिथं थरथरीनं नळी घासते. तेलाचा ओशट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ ही खूण. साबणाचा फेस लावून खात्री करा. तांब्याची नळी ब्रेझिंगनं, म्हणजे दुसरा धातू वितळवून भरून, नीट जोडता येते. मात्र आधी गॅस पूर्ण काढलेला हवा, कारण आर-३२ पेट घेऊ शकतो. जोडताना आतून नायट्रोजनची बारीक धार चालू हवी, नाहीतर नळीत काळी खपली धरते आणि पुढं कॅपिलरी बुजवते. जोडल्यावर नायट्रोजननं दाब चाचणी, मग व्हॅक्यूम. ऑक्सिजनच्या सिलिंडरनं दाब चाचणी कधीच करू देऊ नका, तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो.

गळती फिन्सच्या पोटात असेल, किंवा नळीला एकाहून जास्त ठिकाणी बारीक भोकं पडली असतील, तर कॉइल बदलणंच स्वस्त पडतं.

तांबं घ्यावं की ॲल्युमिनियम?

फिन्स दोन्हींत ॲल्युमिनियमच्याच असतात, प्रश्न नळ्यांचा आहे. तांब्याची गळती गावातला चांगला मेकॅनिक जोडू शकतो, ॲल्युमिनियमची जोडणारे थोडे. एवढ्यासाठी आम्ही तांबं सुचवतो. निळ्या किंवा सोनेरी लेपाच्या फिन्स गंजाला जास्त टिकतात, पण लेप ब्रशनं खरवडला की उपयोग जातो.

पुराचं पाणी आउटडोअरमध्ये गेलं होतं. चालू करू का?

नाही, एकदाही नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शाहूपुरी, सुतारवाड्यासारख्या भागात पाणी घरात होतं. अशा वेळी पाणी ओसरल्यावर कॉइलमध्ये पंचगंगेचा गाळ राहतो. तो ओला असतानाच साध्या पाण्यानं काढा, वाळला की सिमेंटसारखा बसतो. मोटर, कपॅसिटर, कॉन्टॅक्टर, बोर्ड सगळं उघडून वाळवून मेगरनं (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरनं) इन्सुलेशन तपासा. ते बरोबर आल्यावरच वीज द्या. गॅसच्या नळ्या बंद असतात, त्यामुळं कॉइल आणि कॉम्प्रेसर पुष्कळदा वाचतात, बोर्ड मात्र क्वचितच.

जुनं युनिट हलवायचं किंवा भंगारात द्यायचं असेल तर?

हलवताना पंप डाउन करतात: द्रवाचा व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, सगळा गॅस कंडेन्सरमध्ये जमला की सक्शनचा व्हॉल्व्हही बंद करून लगेच वीज तोडायची. गॅस त्यातच राहतो, नव्या जागी पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. सक्शन शून्यावर आल्यानंतरही कॉम्प्रेसर चालू ठेवला, किंवा पाइप आधीच सैल केला, तर तो हवा ओढतो आणि फुटू शकतो.

भंगारवाला तांब्यासाठी कॉइल थेट कापतो. आर-२२ ओझोनच्या थराला इजा करतो आणि आर-४१०ए एक किलो हवेत सोडणं तापमानवाढीच्या हिशेबात सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकं पडतं. म्हणून देण्याआधी रिकव्हरी मशीन असलेल्या मेकॅनिकला बोलावून गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्या, आणि गेज शून्यावर आल्याचं स्वतः पाहून मगच युनिट ताब्यात द्या.